खानदेशातील घरगुती मत्स्यालय

शाळेच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अथवा घराच्या ओसरीवर मोठ्या हौसेने मांडलेल्या मत्स्यालयाची कथा बहुधा एकसारखीच असते. जळगाव किंवा धुळे येथील दुकानातून काचेची टाकी येते. ती नळाच्या पाण्याने भरली जाते आणि त्याच सायंकाळी तीत दहा-बारा रंगीत मासे सोडले जातात. मुले कौतुकाने मूठमूठ खाद्य टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गढूळ दिसू लागते, म्हणून टाकी संपूर्ण रिकामी करून साबणाने घासली जाते व पुन्हा भरली जाते. पंधरवड्याच्या आत बहुतेक मासे मरतात. पुढे त्याच टाकीत खडूच्या पेट्या आणि नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या आढळून येतात, आणि ‘आपल्याकडचे ऊन माशांना मानवत नाही’ असा निर्वाळा दिला जातो.

हा निर्वाळा अर्धाच खरा आहे. खानदेशातील उन्हाळा माशांची कसोटी पाहतो यात शंका नाही. तथापि डिसेंबर महिन्यात, हवा थंड असताना मांडलेल्या टाकीतील मासेही असेच पहिल्या महिन्यात मरतात. त्याचे कारण उन्हात नसून नव्या पाण्यात आहे. ते कारण समजून घेतले, तर या दोन्ही जिल्ह्यांत मत्स्यालय वर्षानुवर्षे निरोगी ठेवणे मुळीच अवघड नाही.

पाण्यातील अदृश्य कारभार

मासा श्वसनाबरोबर आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा, उरलेले खाद्य व कुजलेली पाने यांपासूनही अमोनियाच तयार होतो. नदीत अथवा तलावात तो अफाट पाण्यात पसरतो. टाकीत मात्र तो साचत जातो व माशांचे कल्ले जाळतो. निसर्गाने यावर केलेली व्यवस्था जिवाणूंची आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइट हेही विषच. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. नंतर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू, ज्यांत नायट्रोबॅक्टर व विशेषतः नायट्रोस्पायरा यांचा समावेश होतो, या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि वनस्पती ते अन्न म्हणून शोषून घेतात.

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला हा कारभार परका नाही. बागेत टाकलेल्या युरियाचे जमिनीत प्रथम अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर होते ते याच कुळातील जिवाणूंमुळे. फरक इतकाच की काळ्या मातीत हे जिवाणू मुळातच असंख्य असतात, तर नव्या काचेच्या टाकीत जवळजवळ नसतात. वाळू, दगड व स्पंज यांच्या पृष्ठभागावर त्यांची पुरेशी वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी सोडलेले मासे या आठवड्यांत आपल्याच विषात राहतात. आणि गढूळ झाले म्हणून टाकी साबणाने घासणारा मनुष्य नुकतेच रुजू लागलेले जिवाणू धुऊन टाकतो व चौथ्या दिवसाचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवतो.

खानदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाण्यातील सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश सेल्सिअस तापमानाला त्यातील तीव्र विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तो शेकडा पाचच्या घरात जातो, आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापले तर सातच्या वर चढतो. काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते व त्याचा सामू सातच्या वर असतो. अशा पाण्यात, तापलेल्या ऋतूत, थोडा अमोनियाही घातक ठरतो. म्हणूनच कोकणातील एखाद्या घरी जितकी हयगय खपून जाते तितकी येथे खपत नाही.

टाकीची मांडणी

प्रारंभासाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तेवढीच उंच टाकी सोयीची असते. वाळू घालून व वरची थोडी जागा सोडून तीत सुमारे ४५ लिटर पाणी मावते. काचेच्या गोल भांड्याचा मोह टाळावा. त्यात पाणी थोडे आणि हवेशी भिडणारा पृष्ठभागही थोडा. टाकी जितकी मोठी तितके तिचे तापमान व पाण्याचे गुणधर्म सावकाश बदलतात. भरलेल्या टाकीचे वजन ६० किलोहून अधिक होत असल्याने ती सपाट व भक्कम बैठकीवर ठेवावी आणि खाली थर्माकोलचा तुकडा घालावा, म्हणजे काचेवर असमान ताण येत नाही.

जागा निवडताना सर्वांत अधिक विचार उन्हाचा करावा. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून टाकी ठेवणे म्हणजे एप्रिलमधील संकट जूनमध्येच आमंत्रित करून ठेवणे होय. तळमजल्यावरील, उत्तरेकडील, जाड भिंतीची खोली उत्तम.

तळाशी घालावयाची वाळू तापी अथवा गिरणेच्या पात्रातील चालते, मात्र ती पाणी निवळ दिसेपर्यंत धुवावी. तापीकाठच्या गाळात चुनखडीचे खडे असतात. ते पाण्याचा सामू व जडपणा वाढवीत राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब खड्यावर टाकून पाहावेत. फेस आला तर तो चुनखडीचा समजून बाजूला काढावा. ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, करवून घेण्यासारखी आहे.

पाणवनस्पतींपैकी हायड्रिला व वॅलिस्नेरिया या आपल्याकडील जलाशयांत वाढणाऱ्या वनस्पती टाकीत सहज रुजतात. कालव्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराच्या अळ्या येतात व त्या लहान मासे खातात. म्हणून वनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात काही मिनिटे बुडवून, धुऊन मग लावाव्यात. वॅलिस्नेरियाला मत्स्यालयाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १८५० मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे आणि हीच वनस्पती एकत्र ठेवून पाणी न बदलता समतोल साधण्याचा प्रयोग केला. गळून कुजणाऱ्या पानांनी पाणी नासू लागले तेव्हा त्यांनी तीत गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना काचेपलीकडचे हे जग दाखविले. सहलीला गेलेल्या खानदेशातील मुलांच्या मनात घरच्या टाकीची इच्छा तेथेच उत्पन्न झाली असल्यास नवल नाही.

टाकी, वाळू, वनस्पती, हवेचा पंप व त्याला जोडलेला स्पंज फिल्टर अशी मांडणी झाली की मासे आणण्याची घाई करू नये. रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया होतो व जिवाणूंना अन्न मिळते. एखाद्या परिचिताकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातील ओंजळभर ओली वाळू आणावी. दुधाला विरजण लावावे तसा तिचा उपयोग होतो आणि प्रतीक्षेचे दिवस कमी होतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री झाल्यावर प्रथम दोन-तीन आणि दोन आठवड्यांनी आणखी काही मासे सोडावेत.

नळाचे पाणी आणि विहिरीचे पाणी

पिण्याच्या पाण्यात रोगजंतूंचा नाश करण्यासाठी क्लोरीन वापरणे आवश्यकच आहे. पण माणसाला उपकारक ठरणारे तेवढेच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना व वाळूतील उपयुक्त जिवाणूंना मारक ठरते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याजवळ ओ.टी. चाचणीचे साहित्य असते. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे असे समजते. हीच चाचणी मत्स्यालयासाठी उलट्या अर्थाने उपयोगी पडते; रंग न येणारे पाणीच टाकीत घालावे. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवल्यास क्लोरीन बरेचसे निघून जाते. घाईच्या वेळी छायाचित्रणात वापरला जाणारा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दहा लिटर पाण्यास एखाददुसरा लहान खडा या प्रमाणात घातला तरी चालतो. खानदेशातील अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही आणि ते पिंपात साठवावे लागते. गृहिणीच्या दृष्टीने ही गैरसोयच. मात्र पिंपातील दोन दिवसांचे पाणी मत्स्यालयासाठी आयतेच तयार झालेले असते.

विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकल्यानंतर एक-दोन दिवस ते पाणी टाळावे. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फारच कमी असतो, म्हणून ते आणल्याबरोबर न वापरता उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतून खळबळवून घ्यावे. एक आठवडा नळाचे व दुसऱ्या आठवड्यात कूपनलिकेचे असे पाणी आलटून पालटून घालणे मात्र हानिकारक आहे. जडपणा व सामू यांत एकाएकी होणारा बदल माशाला जडपणापेक्षाही अधिक त्रास देतो.

कोणते मासे व किती

सुवर्णमत्स्य, म्हणजे गोल्डफिश, दिसावयास मोहक असला तरी खानदेशासाठी तो चुकीचा मासा आहे. तो थंड पाण्याचा असून १८ ते २४ अंश तापमान त्याला मानवते. वाढून तो वीतभर होतो व घाणही पुष्कळ करतो. ४५ लिटरच्या टाकीत त्याला स्थान नाही. त्याऐवजी गप्पी, मोली किंवा प्लॅटी हे पिलांना जन्म देणारे मासे निवडावेत. जड, क्षारयुक्त पाणी त्यांना उलट आवडते. झेब्रा हा भारतीय उपखंडातलाच चपळ, काटक मासा होय. गुरामी व फायटर यांच्या डोक्यात हवेतून प्राणवायू घेणारे विशेष इंद्रिय असते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटला तरी ते तग धरतात. फायटरचा नर मात्र एका टाकीत एकच ठेवावा.

संख्येबाबत संयम हवा. वर सांगितलेल्या टाकीत सात-आठ लहान मासे पुरेत. दुकानदार पंधरा सांगेल आणि जानेवारीत पंधरा जगतीलही. प्रश्न मे महिन्याचा आहे. गप्पीची मादी साधारणपणे दर महिन्याला पिले देते हेही हिशेबात धरावे.

उन्हाळा, वीज आणि सुटी

जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी तापले की त्यात मावणारा प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमच राहतो. त्याच वेळी उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत गर्दीची टाकी पहाटे कोसळते; कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू घेत असतात आणि पहाटे त्याचा साठा सर्वांत खाली असतो. सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून हवा घोटताना दिसले तर तो भुकेचा नव्हे, गुदमरल्याचा संकेत समजावा.

यावरचा उपाय खानदेशातील प्रत्येक घराला माठामुळे ठाऊक आहे. येथील उन्हाळ्यातील हवा अत्यंत कोरडी असल्याने बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते. टाकीचे काचेचे झाकण काढून त्याऐवजी बारीक जाळी बसवावी, तीन बाजूंस ओले गोणपाट किंवा जाड कापड लावावे आणि शक्य असल्यास पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा घ्यावा. तापमान काही अंशांनी उतरते. बर्फाचे तुकडे एकदम टाकू नयेत. फारच गरज पडल्यास गार पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवावी. खाद्य निम्म्यावर आणावे. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे नुसती भर घालीत राहिल्यास पाणी अधिकाधिक जड होत जाते. भर घालण्याबरोबर थोडे जुने पाणी काढणेही म्हणूनच आवश्यक ठरते.

वीजपुरवठा खंडित झाला की पंप बंद पडतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, अन्यथा थांबलेल्या नळीतून पाणी उलट वाहून पंपात व जमिनीवर येते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असलेला बरा. तो नसल्यास मगाने टाकीतीलच पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा ओतण्याची क्रिया काही मिनिटे करावी. खरे पाहता टाकीची योजना अशी असावी की दुपारभर वीज नसली तरी कोणाला धावपळ करावी लागू नये. मासे कमी ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच.

शाळेच्या बाबतीत खरी अडचण सुटीची असते. वर्षातील सर्वांत तप्त दिवस व शाळा बंद असण्याचे दिवस एकच. दिवाळीच्या सुटीत पूर्ण वाढलेले मासे तीन-चार दिवस खाद्यावाचून सहज राहतात. पण मे महिन्यात बंद, तापलेल्या वर्गात टाकी सोडून जाणे हा निष्काळजीपणा होय. एप्रिल संपण्यापूर्वी मासे, स्पंज फिल्टर व थोडी वाळू जवळ राहणाऱ्या शिक्षकाच्या अथवा विद्यार्थ्याच्या घरी हलवावी. ही जबाबदारी कोणाकडे, हे मत्स्यालय खरेदी करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. ते ठरत नसेल तर खरेदी पुढे ढकलावी.

थंडीचाही एक शब्द सांगावयास हवा. धुळे परिसरात पौषात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते. अशा रात्री टाकीभोवती जाड कापड गुंडाळावे किंवा लहान हीटर लावावा.

रोजची निगा

दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. मत्स्यालयातील बहुतेक मृत्यू उपासमारीने नव्हे तर माणसाच्या उदारपणाने होतात. आठवड्यातून एकदा तळाची घाण नळीने शोषून घेत सुमारे चतुर्थांश पाणी काढावे आणि तितकेच मुरविलेले पाणी हळूहळू घालावे. स्पंज धुवावयाचा तो या काढलेल्या पाण्यात. नळाखाली कधीही नाही. टाकीला साबण लागू देऊ नये.

कापूस पिकविणाऱ्या या भागासाठी एक विशेष सूचना द्यावी लागेल. फवारणीसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिसूक्ष्म प्रमाणातही प्राणघातक असतात. फवारणीहून आलेल्या हाताने, हात स्वच्छ धुतल्याशिवाय, टाकीला स्पर्श करू नये. घरातील डास मारण्याच्या फवाऱ्यांतही हीच द्रव्ये असतात आणि हवेचा पंप खोलीतील हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. फवारा मारण्यापूर्वी पंप बंद करून टाकी झाकावी. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देतानाही टाकी झाकलेली असावी, कारण चुन्याचे थेंब सामू एकाएकी वाढवितात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हा सर्वाधिक आढळणारा रोग परजीवीमुळे होतो व तो बहुधा नव्या माशाबरोबर येतो. नवा मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवला तर तो बव्हंशी टळतो. झालाच तर गप्पी-मोलींसारख्या माशांना लिटरला दोन-तीन ग्रॅम साधे खडे मीठ, थोडे थोडे करून दिल्यास गुण येतो. औषधांचा मारा करण्याआधी पाणी तपासावे.

टंचाई आणि मत्स्यालय

उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरने पाणी पुरविले जाते तेथे मत्स्यालय ही चैन नव्हे काय, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे. वरील टाकीला आठवड्यास सुमारे ११ लिटर, म्हणजे बादलीभराहून कमी पाणी बदलावे लागते आणि तेही वाया जात नाही. नायट्रेटयुक्त असल्याने ते शाळेच्या परसबागेस साध्या पाण्यापेक्षा अधिक मानवते. तरीही टंचाई तीव्र असेल तेथे त्या वर्षी टाकी न मांडणेच उचित.

टाकीतून मिळणारे ज्ञान मात्र गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचणारे आहे. शेतातील अतिरिक्त खत आणि गोठ्यातील मलमूत्र यांपासून तयार झालेले नायट्रेट झिरपून विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेल्यास तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. टाकीतील माशाला नायट्राइटमुळे होतो तोच हा अपाय. चाचणी संचातील रंग बदलताना पाहिलेला विद्यार्थी पंचायतीच्या फलकावर लावलेला पाणी तपासणीचा अहवाल निराळ्या नजरेने वाचेल.

मासे नदीत सोडू नयेत

मत्स्यालय आटोपते घेताना मासे जवळच्या नदीत किंवा तलावात सोडून देण्याकडे लोकांचा कल असतो. त्यामागे भूतदया असते, पण परिणाम विपरीत होतो. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. तो उजनी जलाशयात पसरला असून मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याला बाजारात किंमत नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांत किंवा हतनूरच्या जलाशयात असा पाहुणा जाऊ नये याची काळजी टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाने घेतली पाहिजे.

गप्पीची गोष्टही याच संदर्भात पाहावी. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणलेला हा मासा डासांच्या अळ्या खातो. म्हणून हिवताप व डेंगी यांच्या नियंत्रणासाठी आरोग्य यंत्रणा त्याचा उपयोग करून घेते. वापरात नसलेल्या विहिरी, बांधीव हौद, कारंजी अशा बंदिस्त पाण्यापुरतेच त्याचे स्थान आहे. ओढ्या-नाल्यांत तो स्थानिक लहान माशांची पिले व अंडी खातो. शाळेच्या टाकीत गप्पींची संख्या वाढली तर प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे अथवा नवे मत्स्यालय मांडू इच्छिणाऱ्या शेजारच्या शाळेस ते द्यावेत. आणि मासे देताना त्यांच्याबरोबर आपल्या जुन्या टाकीतील ओंजळभर ओली वाळूही द्यावी.